आधी बोर्डाला विचारा: जुन्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी-दिग्रस पट्ट्यात मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. मोबाईलवर रोज फोटो येतात. कधी बोर्डाचा (मदरबोर्ड, सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी), कधी धुळीनं भरलेल्या पंख्याचा, तर कधी नुसता बाहेरून कॅबिनेटचा आणि खाली एक ओळ: "भाऊ, यात आय७ बसते का?" (आय३, आय५, आय७, आय९ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची चढत्या ताकदीची नावं.) प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची इथं लिहून ठेवली. नागपूरच्या सीताबर्डीवरून प्रोसेसर आणल्यावर "हा बसूनच नाही राहिला" असा फोन येतो, तेव्हा माझ्या हातात काही उरलेलं नसतं. पैसे द्यायच्या आधी वाचा.

१. भाऊ, कॉम्प्युटर लय हँग होऊन राहिला. प्रोसेसर बदलला तर फास्ट होईल का?

दहातल्या सात जणांना मी "नाही" म्हणतो. आधी हे बघा: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. रोजचं काम सुरू ठेवा, म्हणजे सातबारा काढणं, फॉर्म भरणं, जे असेल ते, आणि आकड्यांकडे लक्ष ठेवा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर २०-३० वर असेल, तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा. एसएसडी टाका, म्हणजे तिच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. रॅम ४ जीबी असेल आणि तीही भरलेली दिसत असेल, तर ८ करा.

डिस्क आणि रॅम मोकळी असूनही प्रोसेसर ९०-१०० वर अडकून बसत असेल, तरच पुढचं वाचा. लग्नपत्रिका, बॅनर, व्हिडिओ मिक्सिंग किंवा एकाच वेळी वीस टॅब उघडून काम करणाऱ्यांना बदललेला प्रोसेसर खरंच जाणवतो. सेवा केंद्रवाल्यांचा निम्मा ताण सरकारी वेबसाइटच्या सर्व्हरचा असतो. त्याला आय९ पण इलाज नाही.

२. माझ्याजवळ कोणता प्रोसेसर, कोणता बोर्ड आहे ते कसं समजेल?

प्रोसेसरचं नाव टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात दिसतं. बोर्डासाठी सीपीयू-झेड हे छोटं फुकट सॉफ्टवेअर टाका. त्याच्या मेनबोर्ड टॅबमध्ये बोर्डाचं मॉडेल, चिपसेट आणि बायोसची आवृत्ती असं सगळं येतं (हे काय असतं ते प्रश्न ३ मध्ये). त्या पानाचा फोटो काढून ठेवा, पुढं तोच लागतो.

कॉम्प्युटर चालूच होत नसेल तर कॅबिनेटची बाजू उघडा. मॉडेल बोर्डावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, बहुतेक कार्ड लावायच्या स्लॉटच्या आसपास. कोपऱ्यात बारीक अक्षरांत "रेव्ह" (रिव्हिजन, म्हणजे बोर्डाची आवृत्ती) आणि पुढं आकडा असतो, तोही टिपून घ्या. त्याची गोष्ट अगदी शेवटी, प्रश्न २० मध्ये आहे. डब्यावरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका. "कोअर आय५"चं स्टिकर आणि आत पेंटियम असे कॅबिनेट मी उघडले आहेत.

३. सॉकेट आणि चिपसेट, दोन्ही एकच ना?

नाही. सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा. इंटेलच्या सॉकेटच्या नावातला आकडा म्हणजे त्यातल्या टोकांची संख्या, ११५५ म्हणजे ११५५ टोकं. चिपसेट म्हणजे बोर्डावरची दुसरी चिप, जी प्रोसेसरची बाकी भागांशी गाठ घालून देते. तिसरी गोष्ट बायोस. प्रोसेसरला ओळखणारा प्रोग्राम तोच.

तिघांनी होकार दिला तरच मशीन चालते. नातं जमवताना पत्रिका जुळली म्हणून लग्न ठरत नाही, तसंच इथं. प्रोसेसर सॉकेटमध्ये बसला एवढ्यावरून तो चालेल असं नाही.

४. कोणत्या सॉकेटवर कोणती जनरेशन चालते, एकदाच सांगून टाका.

जनरेशन म्हणजे प्रोसेसरची पिढी. इंटेलचं सांगतो, एएमडी ही दुसरी कंपनी, तिचं प्रश्न ९ मध्ये.

७७५ वर पेंटियम ४ पासून कोअर टू क्वाडपर्यंत. ११५६ वर पहिली जनरेशन. ११५५ वर दुसरी आणि तिसरी. ११५० वर चौथी. पाचवी फक्त ९ मालिकेच्या चिपसेटवर, पण तिचे डेस्कटॉप प्रोसेसर आपल्याकडे दिसतच नाहीत. ११५१ वर सहावी-सातवी आणि आठवी-नववी अशा दोन वेगळ्या जोड्या आहेत, तो घोळ प्रश्न ८ मध्ये. १२०० वर दहावी-अकरावी, पण एच४१० आणि बी४६० चे मूळ बोर्ड अकरावीला नाही म्हणतात. १७०० वर बारावी ते चौदावी.

जनरेशन नावावरून कळते. आय५-३४७० म्हणजे तिसरी, आय५-१०४०० म्हणजे दहावी, आणि आय५-६५० असा तीनच आकडी असेल तर पहिली. पेंटियममध्ये मात्र फसायला होतं. जी६२० दुसऱ्या जनरेशनचा आहे, जी२०२० तिसऱ्या, जी३२२० चौथ्या आणि जी४४०० सहाव्या.

५. माझा एच६१ बोर्ड आहे. त्यात जास्तीत जास्त काय बसेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण आपल्या भागातल्या शाळा, पतसंस्था, डीटीपीची दुकानं, सगळीकडे एच६१ भरून पडले आहेत. म्हणून जरा सविस्तर.

एच६१ हे चिपसेटचं नाव, बोर्ड ११५५ सॉकेटचा. मूळचा २०११ चा, म्हणजे दुसऱ्या जनरेशनसाठी आला. तिसरी जनरेशन २०१२ मध्ये आली आणि बायोस अपडेट करून बहुतेक एच६१ बोर्डांनी ती स्वीकारली. त्यामुळे कागदावर मर्यादा आय७-३७७० पर्यंत जाते: ४ कोअर (काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं), ३.४ गिगाहर्ट्झ, ७७ वॅट.

माझा सल्ला वेगळा आहे. तुमच्याजवळ सेलेरॉन, पेंटियम किंवा आय३-२१०० असेल, तर आय५-३४७० घ्या. चार खरे कोअर, ३.२ गिगाहर्ट्झ आणि तोही ७७ वॅटचाच. बायोस अपडेट जमत नसेल किंवा मिळत नसेल, तर आय५-२४०० घ्या. तो दुसऱ्या जनरेशनचा असल्यामुळे जुन्या बायोसवरही बसतो, पण ९५ वॅट खातो; त्यासाठी प्रश्न १० वाचा. आय७ मधल्या जास्तीच्या चार थ्रेडचा उपयोग व्हिडिओवाल्यांना होतो. पत्रिका-बॅनरवाल्यानं आय७ च्या फरकाचे पैसे एसएसडीत घालावेत.

एक काळजी घ्या. ११५५ वरच क्यू६५, क्यू६७ आणि बी६५ हे चिपसेटही आहेत, जुन्या ऑफिसातून लिलावात निघालेल्या मशीनमध्ये हमखास सापडणारे. ते तिसऱ्या जनरेशनला अधिकृतपणे घेत नाहीत. तिथं आय५-२४०० किंवा आय७-२६०० हीच हद्द धरा.

चौथ्या जनरेशनच्या एच८१ वाल्यांनाही असंच: आय५-४५७० सरळ बसतो. पण २०१४ मध्ये आलेल्या आय५-४५९० किंवा आय७-४७९० साठी जुन्या एच८१ वर आधी बायोस अपडेट लागू शकतो.

६. बायोस अपडेट करावाच लागतो का? आमच्या इथं लाइटचा काही भरवसा नाही.

प्रोसेसर तुमच्या बोर्डाच्या बायोसपेक्षा नंतरचा असेल, तर करावाच लागतो. बोर्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल टाकलं की "सीपीयू सपोर्ट" नावाची यादी निघते. प्रत्येक प्रोसेसरपुढं तो कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं. ती आवृत्ती आणि सीपीयू-झेडनं दाखवलेली आवृत्ती शेजारी ठेवा. तुमची जुनी असेल तर अपडेट.

अपडेट जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच करायचा. नवा टाकल्यावर मशीन डिस्प्लेच देत नाही, मग अपडेट कशावर करणार? निम्मे लोक इथंच चुकतात.

आता लाइटचं. बायोस लिहिताना, त्या दोन-तीन मिनिटांत, वीज गेली तर बोर्ड मुका होतो. पंखा फिरतो, बाकी काही नाही. माझा स्वतःचा एक बोर्ड असाच गेला. मे महिना होता, दुपारी गावठाण फिडर दहा मिनिटांत तीनदा जाऊन आला होता आणि मी म्हटलं, आता नाही जाणार. पट्टी ६० टक्क्यांवर होती तेव्हा लाइट गेली. यूपीएस होता, पण बॅटरी दोन वर्षांची. तिनं एक पीऽऽ केलं आणि सोडून दिलं.

तेव्हापासून नियम असा. अपडेटच्या आधी यूपीएसचं बटण चालू ठेवून भिंतीतला प्लग काढायचा आणि मशीन दहा मिनिटं त्यावर चालवून बघायची. टिकली तरच पुढं. अपडेट सकाळी लवकर करायचा, कूलर आणि मोटारी सुरू व्हायच्या आत. फाइल एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर घ्यायची आणि बायोसच्या आतल्याच पर्यायातून टाकायची, विंडोजमधून नाही. आणि कंपनीच्या पानावर "आधी अमुक आवृत्ती टाका" असं लिहिलं असेल, तर ती पायरी गाळायची नाही. दुसऱ्यातून तिसऱ्या जनरेशनकडे जाताना काही बोर्डांना अशी मधली पायरी असते.

बोर्ड मुका झालाच तर फेकू नका. बायोसची आठ पायांची चिप प्रोग्रामरवर पुन्हा लिहिता येते. जिल्ह्याच्या किंवा नागपूरच्या चिप-लेव्हल कारागिराकडे हे काम होतं.

७. कोअर टू ड्युओ आहे. क्वाड टाकला तर अजून पाच वर्षं काढंन का?

नाही काढणार. जी४१ बोर्डावर क्वाड क्यू८४०० किंवा क्यू९५५० बसतो, जी३१ वर क्यू६६०० बसतो, फक्त सपोर्ट यादी तपासा. ९४५ चिपसेटच्या बहुतेक बोर्डांवर नंतरचे, आणखी बारीक बनावटीचे (४५ नॅनोमीटर) प्रोसेसर चालत नाहीत. इथं आणखी एक आकडा जुळावा लागतो, फ्रंट साइड बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यातल्या जोडणीच्या वेगाचा. क्यू६६०० ला १०६६ लागतो, क्यू९५५० ला १३३३.

पण जी३१ वर रॅम ४ जीबीच्या वर जात नाही, आणि विंडोज ११ ची २४एच२ पासूनची आवृत्ती कोअर टूच्या कोणत्याच प्रोसेसरवर सुरू होत नाही. तिला लागणारे काही आदेश (इन्स्ट्रक्शन) या प्रोसेसरना मुळातच कळत नाहीत. घरात क्वाड फुकट पडला असेल तर टाका. विकत घेऊ नका.

८. सहाव्या जनरेशनच्या बोर्डात आठव्याचा प्रोसेसर टाकला. खाच जुळली, लिव्हर लागला, मग चालत काऊन नाही?

कारण दोघांचा सॉकेट नावानं ११५१ च असला तरी आतल्या टोकांची वाटणी वेगळी आहे. एच११०, बी१५०, बी२५० वगैरे १०० आणि २०० मालिकेचे बोर्ड सहावी-सातवी घेतात. एच३१०, बी३६०, बी३६५ वगैरे ३०० मालिकेचे बोर्ड आठवी-नववी घेतात. खाच सारखी असल्यामुळे प्रोसेसर आरामात बसतो आणि माणूस फसतो.

एच११० वाल्यांनी आय५-६५०० किंवा आय७-६७०० बघावा. सातव्या जनरेशनचा आय५-७४०० किंवा आय७-७७०० घेत असाल तर बायोस तपासा, कारण ती २०१७ च्या सुरुवातीला आली आणि बोर्ड त्याआधीचा असू शकतो.

९. एएमडीवाल्यांसाठी काही सांगा ना.

एएमडीवाले नशीबवान, निदान एएम४ सॉकेटवाले. ए३२०, बी३५० किंवा बी४५० बोर्डावर रायझन ३ २२००जी असेल, तर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६००जी पर्यंत जाता येतं. सपोर्ट यादी बघाच, कारण ए३२० च्या काही बोर्डांना हा अपडेट उशिरा आला आणि काहींना आलाच नाही. शेवटी "जी" असलेल्यातच डिस्प्ले (ग्राफिक्स) असतो. साधा ५६०० घेतला तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं.

जुन्यांचं थोडक्यात. एफएम२ चा प्रोसेसर एफएम२ प्लस बोर्डात जातो, उलटं जमत नाही. एएम३ चा एएम३ प्लसमध्ये जातो. एफएक्सचे १२५ वॅटचे प्रोसेसर स्वस्त मिळतात, पण स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांची मर्यादा ९५ वॅट आहे. नादी लागू नका.

काढताना एक जपा. एएम४ पर्यंत एएमडीच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि वाळलेल्या पेस्टमुळे (मधला उष्णता वाहून नेणारा लेप) प्रोसेसर वरच्या कूलरला, म्हणजे पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांना, चिकटून बसतो. कूलर सरळ वर ओढला तर लॉक लावलेला असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, कपाशीची पराटी मुळासकट यावी तसा. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हळूहळू डावी-उजवीकडं फिरवून सैल करा आणि उचला.

१०. ६५ वॅटच्या जागी ९५ वॅटचा टाकला तर गरम होईल का? जुना पंखा चालेल?

होईल. आणि आपल्याकडं हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा दुप्पट महत्त्वाचा आहे. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात ४५ अंश असतील, तर मोजणी तिथूनच सुरू होते. प्रोसेसर शंभरच्या घरात गेला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. मग पैसे मोजून आणलेला आय५ आय३ सारखा चालतो आणि लोक म्हणतात, "माल डुप्लिकेट निघाला."

जुना कूलर उलटा करून बघा. मधला गोळा तांब्याचा असेल तर ठीक. पूर्ण ॲल्युमिनियमचा बसका असेल, तर तो ५५-६५ वॅटवाल्यांसोबत येणारा आहे. ९५ ला तो पुरत नाही. भोकांचं अंतरही बघा: ७७५ ला ७२ मिलिमीटर, ११५६ पासून १२०० पर्यंत ७५, आणि १७०० ला ७८. त्यामुळे ११५५ चा चांगला कूलर ११५१ ला चालतो, पण ७७५ चा ११५५ ला बसत नाही. काही जण ओढूनताणून बसवतात आणि बोर्ड वाकवतात.

एका जिनिंगच्या ऑफिसातला कॉम्प्युटर माझ्याकडे आला होता, वजनकाट्याच्या पावत्या काढायचा. दर वीस मिनिटांनी आपोआप बंद. मालकानं आय५ आणून हातात ठेवला, "हा टाकून द्या." पंखा काढला तर खाली हीटसिंक दिसेचना. पंखा आणि पात्यांच्या मधोमध कापसाचा तंतू बसून अख्खी गादी तयार झालेली, करड्या रंगाची, चिमटीनं धरली तर एकसंध निघून आली. ती काढली, पेस्ट बदलली आणि जुनाच आय३ पुढं दोन हंगाम चालला. आय५ त्यांना परत करायला लावला.

डेझर्ट कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. गार वाटतं, पण त्या ओलसर हवेनं रॅमच्या आणि स्लॉटच्या टोकांवर थर चढतो. एसएमपीएसचंही (वीज पुरवणाऱ्या डब्याचं) बघा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या "४५० वॅट" लिहिलेल्या हलक्या एसएमपीएसवर ९५ वॅटचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही टाकायची हिंमत मी करत नाही.

११. पेस्ट किती लावायची?

तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. कूलर दाबला की आपोआप पसरते. जुनी आधी कापडानं पूर्ण पुसून घ्या. टूथपेस्ट लावलेला प्रोसेसर माझ्याकडे आलेला आहे. ती दोन दिवसांत वाळून खडू होते.

१२. सॉकेटच्या पिना वाकल्या. आता?

इंटेलच्या या बोर्डांमध्ये पिना बोर्डावर असतात, केसासारख्या. प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा असतो, दाबायचा नसतो. दोन खाचा जुळल्या की तो स्वतःच खाली बसतो. लिव्हरला मात्र जोर लागतो आणि करकर आवाज येतो, तो नैसर्गिक आहे, घाबरू नका.

वाकलीच तर मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा. सगळ्या पिना एका रेषेत शेतातल्या तासांसारख्या चमकतात, वाकलेली तेवढी वेगळी दिसते. बारीक सुई किंवा शिसं काढलेली क्लच पेन्सिल घेऊन एकाच दिशेनं, थोडं थोडं, थांबत थांबत सरळ करा. मागं-पुढं केली की तुटते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा तुटलीच. ती पिन रॅमच्या एका चॅनेलची निघाली आणि तो बोर्ड आजही एकाच स्लॉटवर चालतो. प्रत्येकाचं नशीब एवढं नसतं. हात थरथरत असेल तर दुसऱ्याला द्या.

१३. नवा प्रोसेसर टाकला. पंखा फिरून राहिला पण डिस्प्ले नाही.

घाई न करता या क्रमानं जा. सॉकेटजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी वायर लावली का? ती सगळ्यात जास्त वेळा विसरते. रॅम काढून टोकं खोडरबरनं घासून पुन्हा लावा, एका वेळी एकच. प्लग काढून बोर्डावरची सीआर २०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि परत लावा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का तेही बघा, त्यासाठी प्रश्न १५.

एवढ्यानंही नाही झालं तर जुना प्रोसेसर परत टाका. जुना चालला तर बायोसचा विषय आहे, प्रश्न ६ वर जा. जुनाही नाही चालला तर पिना बघा, प्रश्न १२. म्हणून जुना प्रोसेसर लगेच कोणाला देऊन टाकू नका.

१४. ऑनलाइन सेकंडहँड मिळतो. घेऊ का? सोबत नवा एच६१ बोर्ड पण स्वस्त दिसतो.

प्रोसेसर सेकंडहँड घ्या, बिनधास्त. तो सहसा मरत नाही, मरतो तो बोर्ड. जुन्या मशीनसाठी नवा प्रोसेसर तसाही मिळत नाही. झाकणावरची अक्षरं वाचा. "कॉन्फिडेन्शियल" लिहिलेला असेल तर तो कंपनीनं चाचणीसाठी काढलेला नमुना आहे, घेऊ नका. घासून पुन्हा छापलेलेही असतात, म्हणून पोचल्याबरोबर सीपीयू-झेडमध्ये नाव जुळवा आणि परत करायची मुदत संपायच्या आत एक दिवस सलग चालवा.

बिनानावाचे नवे एच६१ बोर्ड मिळतात आणि बरेचदा चालतातही, पण त्यांची सपोर्ट यादी कुठं सापडत नाही आणि बायोस तर नाहीच. बोर्डच गेला असेल तर पर्याय म्हणून ठीक.

१५. झिऑन आय७ पेक्षा स्वस्त आहे म्हणतात. खरं का?

खरं आहे, पण अट वाचा. झिऑन म्हणजे इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर. ई३-१२३० व्ही२ हा ११५५ वर चांगला चालतो, सपोर्ट यादीत असेल तर. त्यात ग्राफिक्स नाही. बोर्डावरचा मॉनिटर लावायचा व्हीजीए पोर्ट मेलेलाच समजा, वेगळं कार्ड टाकावं लागतं. ई३-१२४५ व्ही२ मध्ये आहे. नववीतल्या आय५-९४००एफ चंही तेच, शेवटी एफ म्हणजे ग्राफिक्स नाही.

११५१ वाल्यांनी मात्र झिऑनचा विचार सोडा. ई३ चे व्ही५ प्रोसेसर एच११० सारख्या साध्या चिपसेटवर चालतच नाहीत.

१६. प्रोसेसर बदलल्यावर विंडोज परत टाकावं लागतं का? आणि विंडोज ११?

बोर्ड तोच असेल तर साधारणपणे नाही लागत. पहिल्यांदा सुरू व्हायला थोडा वेळ घेते. बॅटरी काढली असेल तर तारीख आधी बरोबर करा, नाहीतर वेबसाइट उघडणार नाहीत आणि तुम्ही प्रोसेसरला शिव्या द्याल.

विंडोज ११ अधिकृतपणे इंटेल आठवी किंवा रायझन २००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरपासून पुढंच चालतं, सोबत टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) पाहिजे. म्हणजे एच६१ किंवा एच८१ वर कितीही मोठा आय७ टाकला तरी तो नियमात बसत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेचे, आधारचे व्यवहार त्या मशीनवर होत असतील तर ही गोष्ट मनावर घ्या. नुसतं टायपिंग आणि शाळेचे निकाल असतील तर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून बघा, आय५-३४७० वर छान पळतं. फक्त कृतिदेव फॉन्टच्या फाइलींची सवय आणि प्रिंटर आधी तपासा.

१७. मोठ्या कंपनीचा ब्रँडेड सेट आहे, लिलावातला. त्याला वेगळे नियम आहेत का?

हो, कडक. बायोस कंपनीचाच असतो आणि त्या मॉडेलसोबत जे प्रोसेसर विकले गेले तेवढेच ओळखले जातील असं धरून चाला. कंपनीच्या मॅन्युअलमधली यादी हीच सीमा. एसएमपीएसची वायर आणि कूलरची बैठक बरेचदा वेगळी असते, बाजारातली लागत नाही. चिपसेट बघायला विसरू नका, प्रश्न ५ मध्ये क्यू६५-क्यू६७ चं लिहिलंय.

१८. लॅपटॉपचा बदलतो का?

पाचव्या जनरेशनपासून इंटेलचे लॅपटॉप प्रोसेसर बोर्डाला झाळलेलेच असतात. चौथीपर्यंत नावाच्या शेवटी "एम" असलेले काही निघतात, "यू" वाले नाहीत. एसएसडी टाका आणि समाधानी राहा.

१९. एवढ्या भानगडीपेक्षा नवा घेतलेला बरा नाही का?

कधी कधी हो. मी हिशेब असा करतो: प्रोसेसर, कूलर आणि रॅम मिळून होणारी रक्कम जर आठव्या-नवव्या जनरेशनच्या चांगल्या सेकंडहँड मशीनच्या निम्म्यावर जात असेल, तर जुन्यात घालू नका. एसएसडी मोजणीत धरू नका, कारण ती काढून पुढच्या मशीनला लावता येते. बोर्डावरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले, तर हिशेबसुद्धा करू नका.

२०. एकाच नावाचे दोन बोर्ड. एकावर प्रोसेसर चालला, दुसऱ्यावर तोच नाही. असं कसं?

हेच माझ्यावर एका शाळेच्या लॅबमध्ये गुदरलं. दहा कॉम्प्युटर, सारखे कॅबिनेट, एकाच वेळी घेतलेले. मी एकच उघडला, एच६१ बघितला, बायोस पाहिला आणि सरांना सांगितलं, दहा आय५-३४७० मागवा. आठ चालले. दोन मुके.

दोन्ही बोर्डांवर नाव तेच होतं. मग भिंग लावून कोपरा बघितला तर आठांवर रेव्ह २.०, दोनांवर रेव्ह १.०. कंपनीच्या वेबसाइटवर दोन्हींची पानंच वेगळी, यादी वेगळी, बायोसही वेगळा. एकाचा बायोस दुसऱ्यात टाकला असता तर दोन्ही बोर्ड मेले असते. रेव्ह १.० साठी तिसऱ्या जनरेशनचा बायोस होता, पण नंतर आलेला. जुना पेंटियम परत बसवला, सकाळी सात वाजता शाळेत गेलो, यूपीएस लावला, अपडेट केला. एक चालला. दुसऱ्याची बायोस चिपच वाचत नव्हती, त्यात आजही पेंटियम आहे आणि त्यावर सर हजेरी भरतात. उरलेला आय५ माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे, एच६१ वाला कोणी असेल तर फोटो पाठवा, कोपऱ्यातल्या रेव्हसकट.